उलटी छत्री

डोळे मिटा बरं. समजा, तुम्ही चार वर्षांचे आहात. श्रावणातला सोमवार आहे, ओतूरची जत्रा भरलीय, वर पावसाची भुरभुर. तुम्हाला दिसतायत ते फक्त साड्यांचे काठ आणि चिखलानं माखलेल्या चपला, कारण चार वर्षांच्या माणसाला जत्रा तेवढीच दिसते. आता फुगेवाल्याकडे बघायला एकदा मान वळवा आणि आईचं बोट धरायला परत हात पुढं करा. बोट सापडेल. पण ते आईचं नसेल.

काय कराल?

तेजूनं भोकाड पसरलं. कुणीतरी तिला उचलून माईकवाल्या कमरुद्दीनचाचांकडे नेऊन दिलं. चाचा जुन्नरचे. आजूबाजूच्या गावांतल्या जत्रा, लग्नं, सभा, सगळीकडे भोंगे त्यांचे आणि आवाजही त्यांचाच. हरवलेली मुलं त्यांच्याकडे यायचीच. रडणाऱ्या मुलाला बोलतं करायची त्यांची एक युक्ती होती. ते मुलाचा हात हातात घ्यायचे आणि एकेक बोट हलकेच दाबायचे. एका बोटाला एकच शब्द. सगळं एकदम सांगायचं नाही.

"नाव?" चाचांनी अंगठा दाबला.

"तेजू."

"गाव?"

"उलटी छत्री."

आता पावसापाण्याचे दिवस. चाचांना वाटलं, पोरीच्या आईची छत्री वाऱ्यानं उलटली असेल. त्यांनी माईकवर पुकारलं, "ज्या बाईंची छत्री उलटी झालीय, त्यांनी स्टेजपाशी यावं!" पाच मिनिटांत मोडक्या छत्र्या घेऊन तीन बाया आल्या. एकीनं विचारलं, "दुरुस्तीवाला कुठं बसलाय, भाऊ?"

चाचांनी कपाळाला हात लावला आणि तेजूला पुन्हा विचारलं, "केवढी गं तुझी छत्री?"

"घराएवढी. आमच्या वावरामागं हाये. ती आभाळाचं ऐकती."

मग चाचांच्या डोक्यात प्रकाश पडला. खोडदला आभाळातून येणाऱ्या बारीकशा लहरी टिपणाऱ्या मोठमोठ्या तबकड्या आहेत. त्या दिसतात थेट उलट्या धरलेल्या छत्रीसारख्या.

"म्हंजे तू खोडदची! आणि हरवलीस व्हय?"

"मी न्हाई हरवले," तेजू हुंदका आवरत म्हणाली. "आई हरवली."

चाचांनी माईक उचलला. "ऐका हो ऐका! खोडदची एक आई हरवलीय. तिची मुलगी स्टेजपाशी तिची वाट बघतीय."

सगळी जत्रा हसली. आणि गर्दीतून वाट काढत, धापा टाकत, हरवलेली आई आली.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तेजूची तेजस्विनी झाली, पुण्यात शिकली आणि रॅप करायला लागली. रॅप म्हणजे ताल धरून बोलायचं गाणं. त्यात गळा गोड लागत नाही, पण शब्द ठोक्यावर पडावा लागतो. आता तिचा पहिला अल्बम येणार होता, नऊ गाण्यांचा. त्यातलं एक गाणं आधी एकटंच लोकांपुढं येणार होतं. अशा एकट्या गाण्याला सिंगल म्हणतात. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं 'उलटी छत्री'. मात्र त्यात चाचांचे शब्द होते, म्हणून तिनं ठरवलं होतं की चाचा हो म्हणाले तरच गाणं शुक्रवारी बाहेर काढायचं.

त्याच्या आठ दिवस आधी, गुरुवारीच, तिनं ते चाचांच्या मुलाच्या फोनवर पाठवलं आणि रविवारी स्वतः येते म्हणून कळवलं. चाचांची नात फरहा चौथीत होती. रविवारपर्यंत तिला ते तोंडपाठ झालं.

चाचांनीही फोन कानाला लावला होता. मान डोलावली होती आणि म्हणाले होते, "एक नंबर!"

पण फरहाला खरं काय ते माहीत होतं. चाळीस वर्षं भोंग्याशेजारी बसून तिच्या दादांचे, म्हणजे आजोबांचे, कान गेले होते. समोर बसून सावकाश बोललं तर ते ओठांवरून ओळखायचे. गाणं मात्र त्यांना पाण्याखालून कुणी बोलावं तसं ऐकू यायचं. कानाचं मशीन शिट्टी मारायचं, म्हणून ते कपाटात पडलं होतं.

"दादा, शेवटी ती तुम्हाला काय विचारते, ठाऊक आहे?" फरहानं त्यांच्यासमोर बसून विचारलं.

दादांनी तिच्या ओठांवरून नजर काढून घेतली. "तुला कळलं ना? मग झालं." मग हळूच म्हणाले, "पाहुणीला बोलू नको हां, बेटा. सगळ्या जत्रेला ऐकवणारा माणूस, त्यालाच ऐकू येत न्हाई. काय सांगायचं असतं का हे?"

फरहानं गळ्याची शपथ घेतली.

रविवारी दुपारी तेजस्विनी आली. कानात मोठ्या बाळ्या, पायात पांढरे बूट, हातात खोडदहून आईनं दिलेली मक्याची कणसं. दारातच तिनं चाचांच्या पायांना हात लावला. आत येता येता फरहाच्या दादीनं, जोहराबींनी, तिला विचारलं, "आई सापडली का गं?"

"सापडली, दादी. पण आता तीच मला शोधत असते. दिवसातनं दहा फोन!"

चहा झाला. तेजस्विनीनं ओट्यावरच्या जुन्या स्पीकरला फोन जोडला आणि गाणं लावलं. आधी भुरभुर पावसाचा आवाज आला, मग ढोलकीचा एकेक ठोका.

"नाव काय? तेजू.
गाव काय? उलटी छत्री.
हरवलं कोण? आई, आई.
मी तर इथंच, हललेच न्हाई."

पुढं ती पुण्यातल्या गर्दीबद्दल बोलत होती. तिथंही तिला कधी कधी साड्यांचे काठ आणि चपलाच दिसतात, असं म्हणत होती. तिचे शब्द भराभर पळत होते. दादा खुर्चीत ताठ बसून हसत होते आणि मांडीवर ताल धरत होते. तो ताल चुकीचा होता. फरहानं खाली बघितलं.

शेवटी ढोलकी थांबली आणि तेजस्विनीचा साधा आवाज उरला.

"सगळं आठवतं, एकच न्हाई.
चाचा, माझा हात कधी सोडला?"

गाणं संपलं. तेजस्विनी चाचांकडे बघत राहिली.

"चाचा? त्याचं उत्तर?"

"एक नंबर!" चाचा म्हणाले.

"न्हाई, ते शेवटचं..."

"एकदम एक नंबर! बाहेर काढ शुक्रवारी."

तेजस्विनीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं फोनची वायर काढली आणि बोटाला गुंडाळायला लागली. "चालंल," ती स्वतःशीच म्हणाली. "शेवटची ओळ काढून टाकते. तुमाला इतकी पोरं सापडली, त्यातली मी एक. कसं आठवणार?"

तिला वाटलं, चाचा विसरले. आणि चाचांना तिनं काय विचारलं हेच कळलं नव्हतं. दोघांच्या मध्ये फरहा बसली होती. तिला दोन्हीकडचं ठाऊक होतं, आणि तोंड उघडायचं नव्हतं, कारण शपथ घेतली होती.

शपथ होती ती फक्त न बोलण्याची.

फरहा उठली. पाहुणीकडे पाठ करून दादांसमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा उजवा हात हातात घेतला. अंगठा दाबला आणि आवाज न काढता ओठ हलवले, चाचा. मग पुढचं बोट, माझा. मधलं बोट, हात. त्याच्या शेजारचं, कधी. शेवटी करंगळी. सोडला.

दादा तिच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी तेजस्विनीकडे बघितलं. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज माईकवरचा नव्हता.

"मी कुठं सोडला, पोरी? तुझी आई आली, तू तिच्याकडं पळालीस. तूच सोडलास. माझा हात किती तरी वेळ तसाच पुढं व्हता. बायाबापड्या इचारायच्या, चाचा, काय मागताय?"

तेजस्विनी हसली आणि रडलीही. वायर तिच्या हातातून खाली पडली. डोळे पुसता पुसता, तोंडावर ओढणी धरूनच ती काहीतरी म्हणाली.

दादांना ओठ दिसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला. 'एक नंबर' म्हणता आलं असतं. पण त्यांनी तसं केलं नाही. पाहुणीच्या समोर, पाचही बोटं पसरून, त्यांनी नातीपुढं हात केला.

"फरहा, काय म्हणती गं ही? मला ऐकू येत न्हाई."

फरहानं त्यांचा अंगठा धरला.