लाल टाकीला निळं ठिगळ

आमच्या ह्यांना एक खोड आहे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा वास घेतात. नाव धम्मपाल, पण कुरुंदवाडच्या बाजारात त्यांना सगळे घागरवाले म्हणूनच ओळखतात. फुटक्या प्लास्टिकच्या घागरी, बादल्या सांधायचा धंदा. २००५ च्या महापुरात नाववाले बाळासो पेट्रोलची लाल टाकी घेऊन दारात आले, तेव्हाही ह्यांनी आधी तिला नाकच लावलं.

नावेतल्या खिळ्यावर घासून टाकीच्या तळाच्या कोपऱ्याला नखाएवढी चीर गेली होती. कुणीतरी एम-सील थापलं होतं, ते खपलीसारखं निघालं. चीर एवढीशी, पण सगळं तिच्यापायी अडलं होतं. पाण्याच्या ओढीला वल्ह्याची नाव टिकत नव्हती आणि इंजिनाची ही एकच. पलीकडच्या वस्तीवर माझी आई एकटी होती. आदल्या दिवशी बाळासो तिला आणायला गेले, तर "वळख ना पाळख, मी न्हाई बसायची," म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं. हट्टीपणा माझ्यात तिच्याकडूनच आलाय, बोलणार काय? पण पाणी तिच्या जोत्याला लागलं होतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मी येते संगट," मी बाळासोंना म्हणाले.

"वैनी, तुमच्या जागंवर तिकडनं एक माणूस येतंय की," ते म्हणाले. मी टाकी ह्यांच्यापुढं सरकवली.

ह्यांनी साबणाची पावडर घालून टाकी पुन्हा पुन्हा खळखळून धुतली. मग पाण्यानं भरली, झाकण घट्ट लावलं आणि उलटी ठेवली.

"धुतली की आता. पाणी कशाला?" मी विचारलं.

"पेट्रोल गेलं तरी वाफ ऱ्हातीया. तापली सळई लावली की उडंल. पाणी भरलं की वाफंला जागाच न्हाई."

आता ठिगळ हवं. घरातलं प्लास्टिक एकेक करून हजर झालं. मग्गा, मोडक्या खुर्चीचा पाय, डब्याचं झाकण. प्रत्येकाची ढलपी काढायची, सळईनं टाकीच्या काठावर वितळवायची, गार झाली की पकडीनं ओढून बघायची. मग्ग्याची टचकन सुटली. खुर्चीचीही. झाकणाच्या तर चिकटायचं मनातच नव्हतं. माझा मग्गा गेला म्हणून चिडायचं राहिलं बाजूला, मी उकिडवी बसून बघायला लागले. दिसायला सगळं सारखंच, मग जमत का नाही?

"प्लास्टिकला बी जात असतीया," हे म्हणाले.

"आपल्या घरात त्यो शब्द नको."

"बरं. सोभाव म्हण."

मग त्यांची नजर मोरीतल्या निळ्या घागरीवर गेली आणि लगेच दुसरीकडं वळली. बाळंतपणाहून परत पाठवताना आईनं दिलेली ती घागर. नळावर बदलू नये म्हणून तिनं तापल्या विळ्यानं काठाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. तिला मी शेजारणीलासुद्धा हात लावू देत नाही. मी उठले आणि घागर त्यांच्यापुढं ठेवली. काठाची ढलपी टाकीला लागली ती लागलीच, पकडीला दाद देईना.

"रेघा सोडून कापतो," हे म्हणाले.

"न्हाई. रेघांसकट कापा. आन् सळई कडंनंच फिरवा, रेघा दिसल्या पायजेत."

ह्यांनी सुरी तापवली.

दिवस मावळायच्या आत नाव परतली. आई टाकीला टेकूनच बसली होती, पदराखाली शेळीचं करडू.

"टाकी बघितली आन् आपणहून येऊन बसल्या," बाळासो म्हणाले.

"रेघा वळखल्यास व्हय?" मी तिला विचारलं.

"रेघा वळखायला काय लागतंय?" आई करडू माझ्या हातात देत म्हणाली. "तुझी घागर तू कुणाला शिवू देत न्हाईस. कापलेली बघितली, तवा कळलं, पोर लई भ्यालीया. म्हणून आलो."