गार प्रोसेसर

दुकानदाराने महागड्या प्रोसेसरचा खोका तिच्या हातातून काढून घेतला आणि फडताळात परत ठेवला.

“ताई, उगाच कशाला? हा खालचा घ्या. साडेतीन गिगाहर्ट्झचा म्हणून विकतात, पण वेग आपल्याला वाढवता येतो. मी स्वतः पावणेपाचपर्यंत पळवलाय.”

“तापत नाही?”

“तीच तर गंमत आहे. अजिबात नाही.”

खोक्याचं सील फोडलेलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

“कुणीतरी परत केलेला दिसतोय.”

“एका गृहस्थांनी. तक्रार काही नव्हती. म्हणाले, आता गरज उरली नाही.” तो पिशवी शोधायला वळला.

न बांधलेल्या इमारती आतून कशा दिसतील, याच्या फिल्म ती घरी बसून बनवायची. जुन्या प्रोसेसरवर मिनिटभराच्या फिल्मला अख्खा दिवस जाई. या वेळी बिल्डरने शुक्रवारची मुदत दिली होती. नाहीतर काम दुसऱ्याला.

दुपारी तिने नवा प्रोसेसर बसवला. साडेतीन गिगाहर्ट्झवर सगळं सुरळीत होतं. चारवर नेला, तरी तापमान पंचवीसच. सव्वाचारवर तेवीस. वेग वाढला की तापमान चढायला हवं, हे उलटंच चाललं होतं. आकडाच चुकत असेल म्हणून तिने संगणकाचं झाकण काढून पंख्याखालच्या पत्र्यांना हात लावला. पत्रे गार होते. बोटांना ओल लागली.

“अगं, जरा खिडकी उघड ना,” आतून थोरल्या बहिणीने हाक मारली.

ताप अंगावर काढणाऱ्यांना रागावण्यात थोरलीची तीस वर्षं गेली होती; नर्सच होती ती. आता स्वतःच काखेत थर्मामीटर धरून बसली होती.

“शंभर. सकाळी ठणठणीत होते की गं मी!”

वेग पावणेपाचवर नेल्यावर फिल्म झपाझप सरकू लागली. तासाभरात थोरलीचा ताप एकशेतीनवर गेला, तिला धड बोलता येईना. धाकटीने तिच्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि बाहेर येऊन पडद्याकडे पाहिलं. तापमान एकोणीस.

ती तशीच उभी राहिली. मग तिने वेग चारवर आणला. वीस मिनिटांत थोरलीला घाम फुटला, ताप शंभरावर उतरला. खात्री करायला धाकटीने वेग पुन्हा वाढवला. आतून कण्हणं ऐकू आलं, तशी स्वतःचीच लाज वाटून तिने संगणक बंद केला, प्रोसेसर काढून खोक्यात टाकला.

“शाल दे गं.”

शालीवर गोधडी घातली, गोधडीवर दुसरी. थोरलीची नखं निळी पडली. थर्मामीटर चौऱ्याण्णवाच्या वर सरकेना. धाकटीने खोका उचलला. तो उबदार होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

तिने प्रोसेसर परत बसवला. संगणक सुरू झाला. दाराच्या फटीतून थोरली तिचे हात पाहत होती. तिने थर्मामीटर झटकला आणि पुन्हा काखेत धरला.

“शहाण्णव,” थोड्या वेळाने ती म्हणाली. वॉर्डात सांगावं तसं.

धाकटीने वेग एक घर वर नेला.

“सत्त्याण्णव. अजून एक.”

धाकटीने वेग आणखी एक घर वाढवला.

“साडेअठ्ठ्याण्णव. बस. आता हात लावू नकोस.”

पडद्यावर फिल्म मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

“या वेगाने होईल तुझं काम?”

“नाही.”

धाकटीने बिल्डरला फोन करून तेवढंच सांगितलं. परत येऊन थोरलीच्या पायाशी बसली. खोलीत फक्त संगणकाच्या पंख्याचा आवाज होता.

“आणि फ्यूज उडून वीज गेली तर?” थोरलीने विचारलं.

धाकटी उठली. तिने इस्त्रीची पिन काढली, मग टीव्हीची, मग फ्रिजची.