शुअरसाहेब

"या वेळी तरी नाही म्हणा बरं का," बायकोने वॉर्डातल्या खाटेवरूनच बजावलं. "डॉक्टर म्हणतील, घरी न्या. तुम्ही म्हणायचं, नेणार नाही. म्हणून दाखवा."

"नेणार नाही," तो पुटपुटला.

"अहो, मोठ्याने! तिथे काय कानात सांगणार आहात?"

तिचं तरी काय चुकलं? उभा जन्म मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून काढलेला माणूस. तिथला नियम एकच, पाहुण्याच्या कानावर 'नाही' पडता कामा नये. मासे संपलेले असोत की आचारी पळून गेलेला असो, डावा हात पाठीमागे, मान जराशी लवलेली आणि तोंडात 'सर्टनली सर', 'ऑफकोर्स मॅडम'. एकदा पगारवाढ मागायला गेला आणि 'शुअर सर' म्हणत जादा पाळी गळ्यात घेऊन आला. तेव्हापासून सोबत्यांनी नावच ठेवलं, शुअरसाहेब. घरी त्याच्या वाटचं बायको भांडायची, दूधवाल्यापासून घरमालकापर्यंत. आता तीच आडवी झाली होती.

व्हरांड्यात तो घोकत राहिला. नेणार नाही. इथे सुई टोचली की तिच्या कळा थांबतात. घरी कळ आली तर काय करायचं?

डॉक्टर तरुण होता, थकलेला आणि बोलायला फार गोड. "काका, आता आमच्या हातात काही राहिलं नाही. बेडही लागतोय. आजच घरी नेलंत तर चालेल ना?"

मेलं ते 'चालेल ना'! याचा हात आपोआप पाठीमागे गेला.

"ऑफकोर्स, सर. नो प्रॉब्लेम."

"थँक यू, काका."

"माय प्लेजर, सर."

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. पण डॉक्टर पुढे गेला होता, आणि निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची त्याला सवयच नव्हती.

त्याचं तोंड पाहताच बायकोने उशीखालचा कंगवा काढून पिशवीत टाकला.

"म्हणालात ना शुअर?"

तो पिशवीचे बंद बांधू लागला.

"जाऊ द्या. माझ्या बाबांनाही असंच म्हणाला असाल, म्हणून तर मी तुमच्या गळ्यात पडले." हसता हसता तिला ठसका लागला.

संध्याकाळी घरच्या खाटेवर तिने त्याचं मनगट धरलं. "खरं सांगा, मी बरी होईन ना हो?"

जन्मभर ज्याला त्याला जे फुकट वाटत आला, तेवढंच म्हणायचं होतं. ऑफकोर्स. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. त्याने हळूच मनगट सोडवलं आणि तिच्या चादरीची सुरकुती तळहाताच्या कडेने काढत गेला, टेबलावरच्या कापडाची काढावी तशी, पार कोपऱ्यापर्यंत. डावा हात पाठीमागेच होता.