सहीचा मंगळवार

"समोरचं माणूस ‘हो’ म्हणालं की लगेच पुढच्याला बोलावू नकोस, नुर. जरा थांब. आपल्याकडे खरी अडचण कुणी पहिल्या दमात सांगत नाही."

बू वुर्यानी निवृत्त झाल्या, त्या दिवशी गावच्या कचेरीतली त्यांची खिडकी माझ्या हाती देताना हे म्हणाल्या होत्या.

त्या सोमवारी म्बाह रुबियेम पुन्हा आल्या. (आमच्याकडे आदराने बाईला बू, पुरुषाला पाक आणि आजीला म्बाह म्हणतात.) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुक्रवारी क्लातेनच्या दवाखान्यात फुकट शस्त्रक्रिया होणार होत्या. ती वेळ हुकली की थेट पुढचं वर्ष, आणि तोवर उरलासुरला उजेडही गेला असता. त्यासाठी आमच्या कचेरीचा दाखला हवा, आणि दाखल्याला त्यांच्या गल्लीचे प्रमुख पाक गियोनो यांची सही. शेजारच्या खिडकीवरच्या दानांगचं हे त्यांना कितीदा तरी समजावून झालं होतं. दर वेळी त्या हसून हो म्हणायच्या आणि सहीवाचून परत यायच्या.

"म्बाहना ऐकू येत नाही बहुतेक," तो माझ्या कानाशी म्हणाला.

त्यांना चांगलं ऐकू येत होतं. मी बाहेर आले, बाकावर त्यांच्याशेजारी बसले. माझा सोमवारचा रोजा होता, म्हणून चहा एकच मागवला. सहीचं नाव काढलं नाही. भाताचं पीक, नातवंडं, आणि मग बोलता बोलता पाक गियोनोंच्या लेकीच्या लग्नाचा मांडव. त्यावर त्यांनी पेला खाली ठेवला.

"मी गेलेच नाही गं लग्नाला. पाकिटात घालायला काही नव्हतं. आता कुठल्या तोंडाने त्यांची पायरी चढू?"

आहेर चुकलेलं माणूस आमच्याकडे त्या दारावरून जायचंही टाळतं. म्बाहनी डोळे गमावले असते, पण दानांगला हे सांगितलं नसतं. पाक गियोनोंना तर हे कळताच कामा नये.

मी आमच्या साहेबांना, पाक सुमर्वानांना, कुणाचंही नाव न घेता विचारलं, सगळ्या गल्ल्यांच्या प्रमुखांनाच दर मंगळवारी इथे बसवलं तर?

"कचेरीचं चहाचं दुकान तर तू केलंच आहेस, बू नुर," ते म्हणाले. "गिऱ्हाइकंही आणून बसव." पण सगळ्यांना फोन त्यांनी स्वतः लावले.

दुसऱ्याच दिवशी पाक गियोनो इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून हजर. म्बाहना बघताच ते उठले, वाकून त्यांचा हात कपाळाला लावला, तब्येतीची चौकशी केली आणि सही केली. लग्नाचा विषय निघाला नाही. दाखला हातात घेऊन म्बाह वळल्या, तर मागे दारापर्यंत रांग. आम्हाला कधीच ‘नाही’ न म्हटलेले, पण सहीवाचून अडलेले सगळे म्हातारेकोतारे. कुणाचं जुनं भांडण, कुणाची लाज, कुणाचा दुखरा गुडघा. आम्ही विचारलं नाही. दुपारपर्यंत शिक्क्याची शाई संपली. दानांग धावत जाऊन नवी घेऊन आला आणि परतल्यावर बाकावरच बसून बोलू लागला. खिडकी आता भाड्याने द्यायला हरकत नाही म्हणाला, तेव्हा साहेबसुद्धा मोठ्याने हसले.

म्बाह निघताना माझा हात सोडेनात. "शनिवारी पट्टी काढतील. तेव्हा ये. पहिल्यांदा तुझा चेहरा बघायचाय."

मी ‘येते’ म्हणाले.

शनिवारी पहाटेचा नमाज आटोपला. घरात सगळे झोपलेले. आवाज नको म्हणून स्कूटर फाटकाबाहेर ढकलत नेली, आणि तिथून क्लातेनच्या रस्त्याला लागले.