मेगरची घरघर

पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने पुन्हा गुंडाळून द्यायच्या त्या शेडमध्ये तिच्या पाठीमागे सगळे तिला ‘करंटवहिनी’ म्हणायचे. तोंडावर नुसतं वहिनी. नवरा तिथेच कामाला होता. तो गेल्यावर मालकाने त्याच्या जागी तिला घेतलं. हात चपळ होता तिचा. तांब्याची तार बोटांतून अशी सरसर सुटायची की जुने कारागीरही हातातलं काम सोडून बघत बसत.

नाव पाडलं हेडमिस्त्रीने. तयार झालेल्या मोटारीतून वीज कुठे गळते का, हे बघायला मेगर असतो. काळी पेटी, बाजूला हँडल. ते गरगर फिरवलं की हाताच्या जोराची वीज होते, पाचशे व्होल्टची. जीव जात नाही, पण दात कडकडा वाजतात. मिस्त्री गुपचूप त्याची एक वायर वहिनीच्या लोखंडी स्टुलाला लावायचा, दुसरी तिच्या पुढ्यातल्या मोटारीला, आणि हँडल फिरवायचा. पहिल्या वेळी तिचे कपडे ओले झाले. शेड पोट धरधरून हसली. फरशी तिनेच पुसली. पुढे नऊ वर्षं, मिस्त्रीला लहर येईल तेव्हा, हा खेळ चालला.

मग मिस्त्रीचं हृदय अडखळायला लागलं. डॉक्टरांनी गळ्याखाली, कातडीच्या आत, ठोके लावून देणारी चपटी बॅटरी बसवली आणि विजेच्या कामापासून लांब राहायला सांगितलं. मालकाने त्याला बेअरिंगं पुसायला बसवलं. तपासणी आली वहिनीकडे.

पहिल्याच दिवशी तिने त्याच्या मागच्या टेबलावर एक मोटार तपासली. घर्रर्र. मिस्त्रीच्या हातातलं फडकं पडलं, हात छातीवर गेला. वहिनीने ते पाहिलं.

त्यानंतर कधीकधी ती वायरी मोकळ्याच सोडून हँडल फिरवायची. मोकळ्या वायरींनी काही होत नाही, हे मिस्त्रीइतकं त्या शेडमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पण छातीला ते पटवून देणं त्याला जमेना.

“वहिनी, जरा बाहेर नेऊन तपासा ना,” तो म्हणाला.

“बाहेर धूळ असते, मिस्त्री. तुम्हीच शिकवलंय.”

कारागीर हसले. अगदी तसेच, पोट धरून.

रविवारी मिस्त्री बायकोला घेऊन तिच्या घरी आला. खुर्चीच्या कडेला टेकला.

“चुकलं माझं. गंमत करायचो.”

“किती वेळा?”

“अं?”

“किती वेळा केलीत गंमत?”

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने कप पुढे केला. “चहा घ्या. निवतोय.”

प्रकरण मिटलं, असं समजून नवरा-बायको गेले.

सोमवारी दुपारपर्यंत वहिनीने मेगरला हात लावला नाही. मिस्त्री दोनदा तिच्याकडे वळून ओशाळं हसलाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला. तो चावू लागला तशी ती उठली, त्याच्या पाठीशी गेली आणि हँडल फिरवलं. जोरात, दंड दुखेपर्यंत.

मिस्त्री घास न गिळताच उठला. चपला घातल्या आणि गेला, तो परत आलाच नाही.

पंधरा दिवसांनी त्याची बायको डबा न्यायला आली. वहिनीने तो घासून ठेवला होता.

“घरात मिक्सर लावू देत नाहीत,” ती म्हणाली. “पंखा सुरू केला की अंगणात जाऊन बसतात. वहिनी, इथे नक्की झालं काय?”

“काही नाही. काम झेपेना त्यांना. जेवतात ना?”

“जेवतात थोडं.”

“मग झालं तर.”

बाई डबा छातीशी धरून फाटकाबाहेर गेली. हिचं तोंड बघून आपल्याला वाईट वाटेल, असं वहिनीला वाटलं होतं. तिने थोडी वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. मग तिने तारेचं रीळ पुढे ओढलं.