तीन निळे ग्लास

"जळतंय काहीतरी," दादा म्हणाला, आणि वहिनीनं हातातला टोस्ट बशीत आपटला.

"अहो, काहीही जळत नाहीये! जळतंय ते माझं डोकं!"

तरी ती उठलीच. शेगडी पाहिली, इस्त्रीची वायर चाचपली, खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत खालचा मजला पाहिला. बरेच दिवस हे असंच चाललं होतं. इलेक्ट्रिशियन येऊन भिंतीतले सगळे बोर्ड उघडून, चहा पिऊन, "काही नाही हो" म्हणून गेला होता. शेजारच्या आजोबांच्या सिगारेटवरही संशय घेऊन झाला होता. आजोबांनी सिगारेट कधीच सोडली होती, त्यामुळे ते जे रुसले ते अजून जिन्यात भेटले तरी तोंड फिरवत होते.

धाकटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अंडं सोलत गप्प बसली होती. धाकटी म्हणजे दादाची बहीण. घरात शेंडेफळ म्हणून धाकटी, आणि दादानंच तिला आपल्या कंपनीत चिकटवल्यामुळे तिथंही धाकटीच. कानांपाशी केस पांढरे व्हायला लागले, पण नाव काही मोठं होईना. सुट्टीच्या दिवशी ती नाश्त्याला भावाकडे यायची आणि नवरा-बायकोची जुगलबंदी फुकटात ऐकायची. आज मात्र तिला हसू येत नव्हतं.

दादाचं काम सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. दादा वास घ्यायचा. हो, चक्क पगार घेऊन वास घ्यायचा! त्यांची कंपनी परदेशातून ड्रम भरभरून व्हिस्की आणायची, बाटल्यांत भरायची आणि त्यावर वेगवेगळ्या दुकानांची लेबलं लावायची. बाटलीत जाण्याआधी प्रत्येक माल दादाच्या नाकाखालून जायचा. नातेवाइकांना वाटायचं, काय चैन आहे, दिवसभर ढोसतो आणि वर पैसे घेतो! प्रत्यक्षात एक थेंब पोटात जात नसे. व्हिस्कीत पाणी घालून ती पातळ करायची, ग्लासावरचं काचेचं झाकण जरासं सरकवायचं, वास घ्यायचा. अगदीच गरज पडली तर घोट तोंडात घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. या नाकापायी वहिनीनं लग्नापासून कधी अत्तर लावलं नव्हतं. घरात साबणसुद्धा बिनवासाचा. "माझी सवत यांच्या नाकात राहते," ती पाहुण्यांना सांगायची, "आणि मी तिची मोलकरीण."

दादाचे ग्लास निळ्या काचेचे असत, म्हणजे आतल्या मालाचा रंग दिसत नाही आणि डोळे नाकाला कॉपी पुरवू शकत नाहीत. एका वेळी तीन ग्लास मांडायचे. दोनांत एकच माल, तिसऱ्यात दुसरा. ओतणारा एक, ओळखणारा दुसरा. वेगळा कोणता ते सांगायचं, बस. धाकटी कामावर आली त्या पहिल्या दिवशी दादानं तिला समोर बसवून सांगितलं होतं, "तीनांतला एक वेगळा असतोच. नसला तर ती परीक्षा नाही, लबाडी आहे. नाक दमलं की मन कुजबुजतं, अगं, तिन्ही सारखेच आहेत. मनाचं ऐकायचं नाही."

आणि आता हाच दादा कामात चुकायला लागला होता.

झालं होतं असं. दुकानांच्या एका साखळीला स्वस्तातली, धुराच्या वासाची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत नुसत्या बार्लीपासून काढलेली व्हिस्की, हवी होती. पीट म्हणून दलदलीतली माती असते. ती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर बार्ली सुकवतात. तोच धूर मग व्हिस्कीत मुक्काम ठोकून बसतो. मालाचा नमुना आला. धाकटीला तो आवडला. धूर होता, पण बेतानं. दादानं मात्र वास घेताच मान मागं घेतली. "धूर नुसता अंगावर येतोय. नापास." ठीक आहे, आवड आपापली. पण परवा त्यानं अगदी साध्या मालाचा ग्लास नाकाला लावला, ज्याचा आणि धुराचा जन्मात संबंध आला नव्हता, आणि तो म्हणाला, "यातही धूर? ड्रम नीट धुतले नाहीत वाटतं." साहेबांनी लगेच ड्रम धुणाऱ्यांना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. ती माणसं खाली बघत उभी राहिली. धाकटीही खाली बघत राहिली.

दादा आंघोळीला गेल्यावर वहिनीनं तिला ओट्यापाशी ओढलं.

"डॉक्टर म्हणाले, जळत नसताना जळल्याचा वास येतो ते नाकाचं दुखणं नसेलही. डोक्याचा फोटो काढा, आणि लवकर काढा. हे ऐकतच नाहीत गं. म्हणे, माझ्या डोक्याचा फोटो निघाला की साहेब हार घालून माझा फोटो भिंतीवर लावतील."

"हे असले विनोद त्यालाच सुचतात."

"परवा यांच्या डाव्या हातातून कप पडला." वहिनीचा आवाज एकदम खाली गेला. "पडला ते त्यांना कळलंच नाही. हात तसाच, कप धरल्यासारखा. तो तसाच तोंडाकडे नेला त्यांनी."

दादा केस पुसत बाहेर आला तशी धाकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, पैज. उद्या सकाळी, कामाआधी. मी ओतणार, तू ओळखणार. ओळखलंस तर या घरात डॉक्टर हा शब्द कोणी काढणार नाही. नाही ओळखलंस तर तिथूनच सरळ फोटो काढायला जायचं."

"माझी परीक्षा? तू घेणार?" दादा खोखो हसला. "लागली पैज! आणि पास झालो तर ही बाई मला रोज टोस्ट पार काळा करून देईल, तोंड न वेंगाडता. नाहीतरी जळकाच वास येतो, निदान जळकं खाल्ल्याचं समाधान तरी मिळेल."

"देईन," वहिनी म्हणाली. "कोळसा करून देईन. पण आधी ओळखा."

दुसऱ्या दिवशी धाकटी वास घ्यायच्या खोलीत लवकर पोचली. खोली कसली, पांढरा डबाच तो. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, एक बेसिन, न उघडणारी खिडकी. तिनं निळे ग्लास गरम पाण्यानं धुतले, पालथे घातले, थंड होऊ दिले. आता काय ओतायचं? दोन धुराचेच माल घेऊन त्यांतला बारीक फरक विचारता आला असता. खरी परीक्षा तीच झाली असती. पण तिनं दोन ग्लासांत साधा, बिनधुराचा माल ओतला आणि डावीकडच्या ग्लासात ती स्वस्तातली धुराची सिंगल माल्ट. कॉलेजच्या पोराला पहिलीतली बेरीज घालावी इतकं सोपं! रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हे ओळखता आलं असतं. तो पास व्हावा म्हणूनच ती असं करत होती, आणि ते कळून तिला स्वतःचाच संताप आला. तरी तिनं ग्लास बदलले नाहीत.

दादा आला. कोट खुंटीला लावला, हात नुसत्या पाण्यानं धुतले, खुर्ची पुढं ओढली. डावीकडचं झाकण सरकवून त्यानं नाक ग्लासात घातलं. मग मधला, मग उजवा, मग पुन्हा डावा. धाकटी त्याच्या भुवयांकडं बघत होती. एरवी वेगळा ग्लास आला की त्याची उजवी भुवई किंचित उडायची, त्याला नकळत. आज ती जागची हलली नाही. त्याच्या वरच्या ओठावर घाम जमला. त्यानं पाणी पिऊन थोडा वेळ मनगटाचा वास घेतला, कारण आपल्या कातडीच्या वासानं नाक जाग्यावर येतं. पुन्हा डावा, पुन्हा मधला. हात हळू हळू चालत होता, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखा.

शेवटी तो मागं टेकला.

"तिन्ही सारखे. तिन्हीत धूर. तू तिन्हीत तोच माल भरलास, मला पकडायला. हो ना?"

आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. फळ्यावर उत्तर लिहून बाईंकडं वळून बघणाऱ्या मुलासारखं पाहिलं. असा चेहरा तिनं त्याचा कधी पाहिला नव्हता. एवढी वर्षं मास्तर तो होता आणि बाकावर ती.

"हो," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "पकडलंस, दादा. तिन्ही तेच आहेत."

दादानं हाः करून श्वास सोडला. टेबलावर थाप मारली, ग्लास किणकिणले. "बघ! म्हटलं होतं ना! सांग तुझ्या वहिनीला, कोळसा पेटव म्हणावं!" तो हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. धाकटीही हसली. एक शब्द तिनं उच्चारला होता आणि त्या शब्दानं दवाखान्याचं दार आतून कडी लावून बंद केलं होतं.

मग दादाचं हसू हळूहळू आटलं. त्यानं तिन्ही ग्लास एका ओळीत सरळ केले, जरा पुढं, जरा मागं.

"धाकटे, हे काम तुला शिकवलं कोणी?"

"तू."

"मी तुला तीन सारखे ओतायला शिकवलं?"

धाकटी बेसिनचा नळ घट्ट करायला लागली.

"तू ओतणारच नाहीस. जीव गेला तरी तुझा हात तसा वळणार नाही. वळला असता तर मीच तुला इथून हाकलली असती." त्याचा आवाज चढला नाही, उलट फार मऊ झाला. "कुठला आहे?"

धाकटीनं डावीकडच्या ग्लासाला बोट लावलं.

दादानं तो उचलला. पुन्हा नाक घातलं, डोळे मिटून, कितीतरी वेळ. "छे," तो म्हणाला. "धूर आहे. पण तो तर तुझ्यातूनही येतोय. भिंतीतूनही येतोय." त्यानं ग्लास तिच्यापुढं सरकवला. "तू सांग. कसा आहे?"

"दादा, राहू दे ना."

"सांग म्हणतो ना. माझ्याकडं बघू नकोस, ग्लासात बघ."

तिनं नाक घातलं. "आधी इस्पितळ. जखमेवरची पट्टी सोडली की येतो तो वास. मग पाणी ओतून विझवलेली शेकोटी. त्याच्या खाली लिंबाची साल... थोडं गोड बिस्कीट."

"वय?"

"कोवळा आहे. टोचतो."

"घोट घे."

तिनं घोट घोळवला, थुंकला. "अंगानं पातळ. धूर पुढं पळत सुटतो आणि त्याच्यामागं फारसं कोणी येत नाही. शेवट आखूड. जिभेवर राख राहते."

"किमतीच्या मानानं?"

"किमतीच्या मानानं चांगला आहे. स्वस्त आहे, पण खोटा नाही. आव आणत नाही."

दादानं मान हलवली, तोच ग्लास तिच्या तोंडून चाखत असल्यासारखी. "आणि मी याला नापास केला." त्यानं ग्लासावर झाकण सरकवलं. "पास कर. साहेबांना सांग, हा निकाल माझ्या नाकाचा नाही, तुझ्या नाकाचा आहे."

त्यानं कोट घेतला. डावा हात बाहीत शिरेना, तेव्हा तिनं बाही धरली. त्यानं धरू दिली. बाहेर पडताना तो ड्रम धुण्याच्या जागी थांबला. पाण्याचा पाइप बंद करायला लावून त्यानं तिथल्या माणसांना सांगितलं, "ड्रम स्वच्छ होते. घाण माझ्या डोक्यात आहे. माफ करा." ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबांच्या माणसानं माफी मागितल्यावर काय करायचं असतं, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

फोटोत कपाळामागं एक पांढरा डाग निघाला, लिंबाएवढा. डॉक्टर तरुण होते आणि पेन उघडबंद करत बोलत होते. ऑपरेशन करावं लागेल. वासाच्या नसा त्याला अगदी चिकटून आहेत, त्या वाचणार नाहीत. बाकीचं... बाकीचं उघडल्यावर कळेल. आधी आला असतात तर, असं ते म्हणायला लागले आणि वहिनीचा चेहरा बघून थांबले.

ऑपरेशनच्या सकाळी दादाला चाकांच्या खाटेवर घेतलं तेव्हा त्याचं डोकं तुळतुळीत केलेलं होतं. "अंडं सोललंय माझं," तो धाकटीला म्हणाला. खाट लांबलचक बोळातून निघाली. एका बाजूला वहिनी, एका बाजूला धाकटी.

"इथं कसला वास येतोय गं, खरा?" दादानं विचारलं.

धाकटीनं श्वास ओढला. पट्ट्या, औषध, पुसलेली फरशी.

"डाव्या ग्लासाचा."

"मग वाईट नाही," दादा म्हणाला. "शेवट आखूड, एवढंच."

"गप्प बस, दादा," धाकटी म्हणाली.

मोठ्या दारापाशी एक नर्स पुढं आली आणि इथून पुढं फक्त आम्ही, असं म्हणाली. दाराची एक फळी उघडली. खाट आत वळता वळता दादानं मान उचलली. पहिल्यांदाच तो घाबरलेला दिसला.

"जळतंय काहीतरी," तो म्हणाला.

वहिनी वाकली. तिनं त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "मलाही येतोय वास. तुम्ही जा, मी बघते. मी बंद करते."

दार लागलं. वहिनी तिथंच उभी राहिली. मग तिनं नाक वर केलं आणि इकडून तिकडे, भिंतीच्या कडेकडेनं, खरोखरच वास घेत शोधायला लागली.