रिकामा डबा

हरिहरेश्वरला घरीच पाहुणे ठेवणाऱ्या सुचित्राला इंग्रजी वाक्प्रचारांची बाधा झाली ती पाहुण्यांकडूनच. पंप सुरू झाला की ‘सो फार सो गुड’, आमटी संपली की ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. नवरा जेवताना कानाचं यंत्र काढून ठेवी.

तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग पुण्याच्या पाहुण्यांनी फणसाच्या सांदणांची तारीफ केली आणि फार खटाटोप असेल ना, असं विचारलं. सांदणं शेजारच्या वेणूवहिनींनी पहाटे उठून करून दिली होती. सुचित्रा म्हणाली, “छे हो, आय कॅन डू इट विथ माय आइज क्लोज्ड.”

मागल्या दारात वेणूवहिनी नारळाच्या दुधाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. पातेलं खाली ठेवून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी सुचित्राने त्यांच्याकडे लाडूंचा डबा पाठवला. सकाळी तो परत आला. घासलेला, पुसलेला, रिकामा. त्या आळीत डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर सुपारी तरी घालतात. रिकामा डबा फक्त बोलणं तुटलेल्या घरीच परत जातो, आणि तो जाताना सगळ्या आळीला दिसतो.

सुचित्रा तोंड लपवत वहिनींकडे गेली. त्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. इट वॉज अ स्लिप ऑफ द टंग, लेट बायगॉन्स बी बायगॉन्स, नो हार्ड फीलिंग्ज, असं तिने एका दमात सांगितलं. बँकेतून निवृत्त झालेल्या वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

“इंग्रजी येतं मला, सुचित्रा. पण तू काय केलंस ते यात कुठंच आलं नाही.”

सुचित्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मराठीत ते वाक्य फारच उघडं वाटत होतं.

“सांदणं तुम्ही केलीत. मी माझी म्हणून सांगितली.”

“ते मला माहीत आहे गं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.”

पाहुणे पोह्यांवर होते. सुचित्रा दारात उभी राहिली आणि पदराशी चाळा करत तेवढंच बोलली. चमचे थांबले. एक बाई मायेने म्हणाल्या, “इट्स ओके, इट हॅपन्स.” सुचित्राने मराठीतच विचारलं, “आणखी पोहे वाढू?”

दुपारी तिने पुन्हा लाडू पाठवले. डबा संध्याकाळी आला. झाकण उघडायला तिला बराच वेळ लागला.

आत चिमूटभर साखर होती. डबा रिकामा म्हणता येऊ नये इतकी. कपभर चहाला पुरेल इतकी नाही.